माणसं वगळलेला रस्ता

जाईनं सहा आठवडे एका रस्त्याचं वर्णन लिहिलं. तो रस्ता तिनं पाहिलेला नव्हता. स्पेनही पाहिलेला नव्हता. सिंगापूरच्या हौगांग भागातल्या भाड्याच्या खोलीत बसून, इंटरनेटवरच्या नकाशातले रस्त्याचे फोटो एकेक करून पुढे सरकवत, तिनं मालागा ते सेव्हिल हा सगळा प्रवास केला. ही वाक्यं कशासाठी लागणार आहेत हे तिला कळलं तेव्हा विमान सुटायला तेरा दिवस उरले होते.

लिहायला सांगणारे होते प्रबोध वाकणकर. वय एक्कावन्न. मूळचे पुण्याचे, सहकारनगरचे. दोन हजार चार साली एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आले आणि बारा वर्षं एकाच कंपनीत टिकले. ऑफिस क्वीन्सटाउनजवळ. बँकांची जुनी सॉफ्टवेअरं बंद करायची, नवी चालू करायची आणि मधल्या वेळात खातेदारांना कसलाही पत्ता लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. खरी वेळ येण्याआधी सगळं एकदा खोटं खोटं करून बघायची. ते त्याला ड्राय रन म्हणत.

ही सवय त्यांनी घरीही आणली. घरच्या सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी त्यांनी पुण्याच्या गुरुजींना स्काइपवर बसवून रिकाम्या चौरंगासमोर अख्खी पूजा करून पाहिली होती. शिरा कितव्या अध्यायाला गॅसवर चढवायचा तेही लिहून काढलं होतं. त्यांची आई पहिल्यांदा सिंगापूरला यायची होती, तर आदल्या रविवारी हे एअरपोर्टवर जाऊन व्हीलचेअर कुठून येते, लिफ्ट कुठे आहे, टॅक्सीची रांग किती लांब असते, सगळं बघून आले.

"आमच्याकडे सत्यनारायण दोनदा पावतो," त्यांची बायको, मीनलकाकू, पाहुण्यांना सांगायच्या. "आणि सासूबाईसुद्धा दोनदा आल्या. एकदा नुसत्याच."

लोक हसत आणि गुपचूप त्यांच्याकडेच येत. भारतातून आईवडील येणार असले, मुलाची परीक्षा असली, घर बदलायचं असलं, की वाकणकरांना विचारा. जाईला खोली त्यांनीच शोधून दिली होती. ती पुण्याहून साहित्यात एम.ए. करून इथल्या विद्यापीठात पुढे शिकायला आलेली, चोवीस वर्षांची. ती यायच्या आधी वाकणकरकाका त्या खोलीपासून एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत तीनदा चालून आले होते. "नऊ मिनिटं," त्यांनी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. "पाऊस असला तर अकरा. छत्री उघडायला मी एक मिनिट धरलंय."

एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी त्यांनी तिला ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, बोलावलं. कोपऱ्यातलं टेबल पकडून भिंतीला पाठ लावून बसले होते. नेहमी तसेच बसत.

"तुला लिहिता येतं ना?"

"येतं असं मार्कशीटवर आहे."

"मग एक काम कर. मला एक रस्ता लिहून हवाय."

जूनमध्ये ते तिघं स्पेनला जाणार होते. काका, काकू आणि पंधरा वर्षांची निहारिका. मालागाहून सेव्हिलला मोठ्या हमरस्त्यानं गेलं तर अडीच तास. काकांना तसं जायचं नव्हतं. समुद्राकाठानं निघायचं, मग डोंगराकडे वळायचं, घाट चढून रोंडाला मुक्काम, दरीच्या दोन्ही काठांवर वसलेलं ते गाव बघायचं, दुसऱ्या दिवशी ग्राझालेमा, तिथून खिंड ओलांडून झहाराच्या निळ्या तलावाकाठी उतरायचं आणि संध्याकाळी सेव्हिल. दोन दिवस. भाड्याची गाडी.

"चालवणार कोण?"

"मी. दुसरं कोण?"

पुण्यात असताना त्यांच्याकडे एक मारुती होती. शनिवारी ताम्हिणी घाटात जायचं, मीनलकाकू शेजारी बसून संत्री सोलणार आणि एक फोड यांच्या तोंडात, एक स्वतःच्या. हे काका फार रंगवून सांगत. सिंगापूरला आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी लेखी परीक्षा देऊन पुण्याचं लायसन्स इथल्या लायसन्समध्ये बदलून घेतलं. पाकिटात ठेवलं. गाडी घेतली नाही. इथं कोण घेतं? बसनं सगळं होतं.

"निहानं परवा काय विचारलं माहितीये?" काका म्हणाले. "पप्पा, तुम्हाला खरंच ड्रायव्हिंग येतं, की नुसतं कार्ड आहे?" ते हसले. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तिनं मला गाडी चालवताना पाहिलेलंच नाही गं. निघालो तेव्हा तीन वर्षांची होती."

जाईला वाटलं, प्रवासाची छोटी पुस्तिका करायची असेल. तिनं पहिलं पान लिहून पाठवलं. त्यात सोनेरी उन्हात न्हालेला डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी फोन. "डोंगर डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे."

"मग तेवढंच लिही. ऊन काढ. आणि हा म्हातारा कोण?"

"तिथे एका झाडाखाली बसलाय, काका. काठी घेऊन. फार छान दिसतो."

"मी जाईन तेव्हा तो तिथे असेल?"

"नसेल."

"मग काढ. जे तिथंच राहणार, तेवढंच लिहायचं. खडक, कठडा, खांब, पाटी, भिंत. गाड्या नकोत, शेळ्या नकोत, माणसं नकोत. आणि सेकंद मोज. ताशी चाळीस धर."

तिनं म्हाताऱ्याला काढलं. शेळ्या काढल्या. एका वळणावर लाल शर्टातला सायकलवाला होता, त्यालाही काढलं. विशेषणं गेली, उपमा गेल्या. राहिलं ते असं:

पूल संपला. सात सेकंद सरळ. डावीकडे खडक, रस्त्याला लागून. उजवीकडे लोखंडी कठडा. लांब डावं वळण. वळणात उजवीकडे पांढरा खांब. खांबानंतर लगेच उजवं वळण, आखूड.

तिला हे आवडायला लागलं. लिहिण्यातलं इतकं काटेकोर शिक्षण तिला कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. रात्री झोपताना तिला स्वतःचीच वाक्यं ऐकू यायची आणि ती मनातल्या मनात वळायची. काका ती पानं तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून मागवायचे. त्यांचं घरही हौगांगलाच. तिथून मेट्रोनं निघालं की कानात घालायचे, आउटरम पार्कला गाडी बदलायची, क्वीन्सटाउन येईपर्यंत ऐकायचं. ओठ हलत असायचे.

"पोथी चाललीय त्यांची," मीनलकाकू म्हणायच्या. "आजकाल भाजीत मीठ नसलं तरी कळत नाही. विचारलं तर म्हणतात, उजवीकडे कठडा."

बाकीच्या गोष्टी जाईनं पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या सोयीनं लावला होता. काका कुठंही तिला आधी पुढे जाऊ देत, हा त्यांचा सभ्यपणा. हॉकर सेंटरमध्ये ट्रे घेऊन जाणारी माणसं त्यांना धडकत, ती घाई त्या माणसांची. जिना उतरताना ते पायऱ्या मोजत, मोजणं त्यांच्या रक्तातच होतं. त्यांच्या बाजूला उभं राहून बोललं की ते अख्खं शरीर वळवून बघत. जाईला वाटे, किती मन लावून ऐकतात.

मग तो रविवार आला.

ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकली भाड्यानं मिळतात. काका म्हणाले, चल, घाटाआधी जरा हात साफ करू. काकूंच्या गुडघ्याला सायकल झेपत नव्हती, निहाची ट्यूशन होती. दोघंच गेली. सकाळचं ऊन, वाऱ्याला मिठाचा वास, पोरं, कुत्री, आजीआजोबा. काका पुढे, जाई मागे. झोकात चालवत होते. वळणं अशी घेत होते की जाई मागून ओरडली, "काय काका, रोंडाला पोचलात की!"

ते हात वर करून हसले आणि सरळ जाऊन धडकले.

समोर नारिंगी रंगाचा प्लास्टिकचा अडसर होता. कंबरेइतका उंच. वाटेच्या उजव्या बाजूला, कुठेतरी खोदकाम चालू होतं म्हणून ठेवलेला. लांबून दिसत होता. जाईला केव्हाचा दिसत होता. सायकल आडवी झाली, काका गुडघ्यावर पडले. अडसराच्या पलीकडे एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. बाबागाडी आणि सायकलचं चाक यांच्यामध्ये हातभर अंतर राहिलं. बाईनं बाळाला उचलून छातीशी धरलं.  नुसती बघत राहिली.

काका उठले. पॅन्ट झटकली. अडसराकडे बोट करून, अन्याय झाल्यासारखे म्हणाले, "हे गेल्या रविवारी इथं नव्हतं."

जाईनं सायकल उभी केली.  काय झालं ते तिला अजून शब्दांत सांगता आलं नसतं, पण ते वाक्य तिच्या आतपर्यंत गेलं. गेल्या रविवारी नव्हतं. म्हणजे हा माणूस आजच्या रस्त्यावरून चाललाच नव्हता.

"काका, तुम्हाला तो दिसला नाही?"

"ऊन होतं."

"ऊन पाठीमागून आहे."

खाण्याच्या टपऱ्यांजवळ एका टेबलापाशी, बाकावर दोघं बसली. काकांचा गुडघा सोलवटला होता. जाईनं शहाळी आणली. त्यांचं शहाळं समोर न ठेवता, मुद्दाम उजव्या बाजूला ठेवलं. त्यांनी हातानं टेबल चाचपलं. मग थांबले. तिनं काय केलं ते त्यांना कळलं.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त."

"काकूंना?"

"माहीत नाही. तुला आता कळलं."

ते शांतपणे सांगत होते. ऑफिसात प्रोजेक्टची माहिती द्यावी तसं. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले, तिथून हॉस्पिटलला पाठवलं. कडेचं दिसणं गेलं होतं. गेलेलं परत येत नाही. आता दोन्ही बाजू, वर, खाली, सगळीकडून मिटत मिटत एक गोल उरला होता. त्या गोलात सगळं लख्ख होतं. म्हणून वाचता येत होतं, कॉम्प्युटर दिसत होता, ऑफिसात कुणाला संशय नव्हता.

"डॉक्टर गाडीचं काही बोलले नाहीत?"

"विचारलं ना. डू यू ड्राइव्ह? मी म्हटलं, नो. खोटं काय त्यात? माझ्याकडे गाडीच नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला."

 या शहरात बारा वर्षं माणूस स्टिअरिंगला हात न लावता राहू शकतो. खिशात लायसन्स असतं. ते खरं असतं. त्याला कुणी कधी आजमावत नाही.

"काका, तुम्ही ती गाडी चालवू शकत नाही."

"का नाही? रस्ता समोर असतो, जाई. बाजूला नसतो. समोरचं मला तुझ्याइतकं दिसतं. बाजूचं तू लिहून दिलंयस."

हे ऐकून तिला आधी काहीच झालं नाही. मग तिनं हातातलं शहाळं खाली ठेवलं. पूल संपला, सात सेकंद सरळ. उजवीकडे लोखंडी कठडा. सहा आठवडे ती डोळे लिहीत होती. त्या डोळ्यांनी हा माणूस बायको आणि मुलीला गाडीत घालून स्पेनचा घाट चढणार होता.

"तुम्ही वेडे आहात का?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलली. "मी माणसं काढून टाकलीयेत त्यातली! तुम्हीच काढायला लावलीत!"

"हळू बोल."

"तो सायकलवाला होता काका, तिथं, त्या वळणावर. मी त्याला काढला."

"जूनमध्ये तो तिथं नसेल."

"दुसरा असेल!"

काका समुद्राकडे बघत होते. म्हणजे समुद्राच्या एका गोल तुकड्याकडे. मग म्हणाले, "एकदा घरी सांगितलं की मी पेशंट. रस्ता ओलांडताना हात धरतील. चमचा हातात देतील. ते होणारच आहे, मला माहितीये. त्याआधी मला निहाला एकदा घाट दाखवायचाय. मी चालवत असताना. एवढंच. परत आलो की त्याच दिवशी सांगतो. शब्द देतो."

"आजच सांगा. नाहीतर मी सांगते."

"तू नाही सांगणार," काका म्हणाले. धमकी नव्हती. खात्री होती. "खिंडीनंतरची उतरण राहिलीय तुझी लिहायची. बुधवारपर्यंत दे."

बुधवारी तिनं काही दिलं नाही. मेसेज पाठवला: "मी पुढे लिहिणार नाही. काकूंशी बोला." उत्तर आलं: "उतरण मी स्वतः बघून घेतली. शनिवारी दुपारी घरी ये. ड्राय रन आहे. जेवायलाच ये."

तीन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. फोन हातात घ्यायची, मीनलकाकूंचं नाव काढायची, ठेवून द्यायची. काय सांगायचं? तुमचा नवरा आंधळा होतोय, आणि मी त्याला मदत केलीय? प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं किंवा फार मोठं. लिहिता येतं म्हणवणाऱ्या मुलीला एक वाक्य सापडत नव्हतं.

शनिवारी ती ठरवून गेली की स्वयंपाकघरात काकूंना गाठायचं. काकू पुरणपोळ्या लाटत होत्या.

"काकू, एक बोलायचं होतं."

"बोल की. आधी हा डबा धर. हे बघ, मी रुमाल घेतलाय डोक्याला बांधायला, वाऱ्यात केस उडतात ना. निहा म्हणते, मम्मी, यू लुक लाइक सम ओल्ड हिरॉइन. म्हटलं, ओल्ड कशाला म्हणतेस गं सटवे." काकू हसल्या. गालाला पीठ लागलं होतं. "खरं सांगू जाई? हे असे कित्येक वर्षांत दिसले नाहीत मला. नुसते ऑफिस आणि घर. मधे दोन वर्षं तर इतके गप्प झाले होते, मला वाटलं नोकरी गेली की काय, पास संपवून परत पाठवतायत की काय. विचारायची भीती वाटायची. आता बघ, पोरासारखे झालेत."

जाईनं डबा धरला. काकूंना पोळी उलटायची होती. बोलायचं राहिलं.

जेवणं झाली. हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या होत्या, दोन पुढे, दोन मागे. टीव्ही काढून समोरच्या बैठ्या टेबलावर आणला होता. तिकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून काका पुढच्या डाव्या खुर्चीत. त्यांच्या उजवीकडे निहा, लॅपटॉप मांडीवर घेऊन. रस्त्याचे फोटो ती एकेक करून पुढे सरकवणार होती. मागे काकू आणि जाई. काकूंनी खरोखर रुमाल बांधला होता.

"पट्टे लावा," काका म्हणाले. काकूंनी हवेतला पट्टा लावला. निहानं डोळे फिरवले आणि मग तिनंही लावला.

घाट सुरू झाला. काकांचे हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे. ते पडद्यावर चित्र यायच्या आधी सांगत होते.

"आता पूल. पूल संपला. डावीकडे खडक येईल."

निहानं बटण दाबलं. डावीकडे खडक.

"पांढरा खांब. आणि आखूड उजवं."

पांढरा खांब. आखूड उजवं वळण.

"वॉव," निहा म्हणाली. तिनं वडिलांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काहीतरी नवीन होतं. "पप्पा, तुम्ही खरंच चालवताय लाह!" इथल्या पोरांसारखं तिच्याही वाक्याच्या शेवटी 'लाह' यायचं.

काकूंनी मागून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. जाई आपलीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकत बसली होती. एकही चुकत नव्हतं. तिला पुढची सगळी वळणं पाठ होती. पुढे कोण येणार तेही तिला माहीत होतं. अजून चार फोटो. तीन. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. दोन.

"डावं वळण, मोठं," काका म्हणाले. "उजवीकडे दगडी भिंत. रस्ता मोकळा. इथं मी जरा वेग वाढवतो."

निहानं बटण दाबलं. दगडी भिंत आली. भिंतीला लागून, रस्त्यावर, लाल शर्टातला सायकलवाला. पाठमोरा. इतका जवळ की त्याच्या पाठीवरचा घामाचा डाग दिसत होता.

काकांचे हात तसेच होते. "मोकळा," ते पुन्हा म्हणाले.

निहा खदखदून हसली. "पप्पा! उडवलंत त्याला! ही इज डेड, लाह!"

काकाही हसले. काय झालं ते न कळता हसले, सगळे हसतात म्हणून माणूस हसतो तसे.

"निहा, थांब," जाई म्हणाली. आता आवाज आला. "पुढे जाऊ नकोस. काका, रस्त्यावर कोण आहे?"

 काकांनी मान हलवली. आधी जराशी. मग हळूहळू, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जमिनीवर पडलेली सुई शोधावी तसे ते टीव्हीवर माणूस शोधत होते.

"अहो," काकू म्हणाल्या. "हा काय. सायकलवाला."

"कुठे?"

निहाचं हसू थांबलं.

काकू उठल्या. टीव्हीजवळ गेल्या. सायकलवाल्यावर बोट ठेवलं. "इथे."

"हां. हां, दिसला. लाल शर्ट."

काकू तशाच उभ्या राहिल्या. मग परत आल्या, पण आपल्या खुर्चीत बसल्या नाहीत. काकांच्या उजव्या खांद्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला हात काकांच्या कानाजवळ वर धरला. बांगड्या नसलेला हात. तो त्यांनी हळूहळू पुढे आणला. कानापुढे. गालाच्या बाजूला. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. काका टीव्हीकडे बघत होते. हात आणखी पुढे आला. निहा आईकडे बघत होती, मग बापाकडे.  हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा काका एकदम दचकले.

काकूंचा हात तिथंच राहिला.

"कधीपासून?"

"मीनल, बस आधी."

"कधीपासून?"

"कळल्याला दोन वर्षं झाली. काचबिंदू. परत आल्यावर सांगणार होतो."

"परत आलो असतो तर," काकू म्हणाल्या.

त्या जाईकडे वळल्या. "तुला माहीत होतं."

"रविवारपासून."

"आज शनिवार आहे, जाई."

एवढंच म्हणाल्या.   मघाशी जाई स्वयंपाकघरात बोलायला म्हणून डबा धरून उभी होती, हे आता सांगण्यासारखं नव्हतं.

निहा खुर्चीतून उठली. काकांच्या उजव्या बाजूला ती अर्धा तास बसली होती. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, मी शेजारी बसले होते. तेव्हा मी दिसत नव्हते?"

"माहीत होतं ना बाळा, तू आहेस ते."

"दिसत होते का?"

"नाही," काका म्हणाले.

ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लागलं. काकांचे हात अजून मांडीवर अर्धवट वळलेले होते. त्यांनी ते सरळ केले.

काकूंनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी घातली. जाईला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी हिशेबी आवाजात विचारलं, "औषध काय दिलंय?"

"थेंब. सकाळ-संध्याकाळ."

"मी घरात कधी बाटली पाहिली नाही."

"ऑफिसात असते. पँट्रीच्या फ्रिजमध्ये."

"सकाळी जाता तेव्हा घालता?"

"हो. आणि निघताना."

काकूंच्या कपाळावर हळूहळू एक आठी आली. "मग शनिवार-रविवारी?"

काकांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले.

"प्रबोध. शनिवार-रविवारी काय करता?"

जाईनं त्यांना नवऱ्याला नावानं हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं.

"राहतात," काका म्हणाले.

"दोन वर्षं?"

"घरी आणली असती तर तू पाहिली असतीस."

सगळं आधी करून बघणारा, पावसातल्या छत्रीचं एक मिनिटही धरणारा माणूस. दर आठवड्याचे दोन दिवस त्यानं आपल्या डोळ्यांना नुसते सोडून दिले होते. आणि दिवाळी. आणि गणपतीची रजा. आणि आईच्या आजारपणात पुण्याला राहिलेले तीन आठवडे. जाईनं मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. काकूही मोजत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

मग काकूंनी पर्स उचलली. पायात चपला घातल्या. काकांचे बूट आणून त्यांच्यासमोर, बरोबर मध्यावर ठेवले.

"उठा."

"आत्ता? कुठे?"

"तुमच्या ऑफिसात. फ्रिज उघडायला. दाराचं कार्ड आहे ना जवळ?"

"मीनल, सोमवारी मी..."

"बूट घाला."

त्यांनी घातले. काकूंनी दार उघडलं, जाईला म्हणाल्या, "निहापाशी बस. बोलली नाही तरी बस," आणि नवऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन त्याचा दंड धरला. काकांनी तो सोडवून घ्यायचा एक छोटासा प्रयत्न केला. काकूंनी पकड घट्ट केली. कॉरिडॉरमधून दोघं लिफ्टकडे गेली. शेजारच्या चिनी आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्यांनी विचारलं, जेवण झालं का. काकू म्हणाल्या, झालं झालं. लिफ्ट आली.

जाई आत गेली आणि निहाच्या बंद दाराबाहेर, जमिनीवर बसली.